राखणदाराचे देणे

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याला उसाच्या बांधावर कुत्रे चावले. पोटरीवर चार दात उमटले होते. वहिनीने पाय नळाखाली धरून जखम साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि आम्ही त्याला कोडोलीतल्या सरकारी दवाखान्यात नेले. सिस्टरनी दोन्ही दंडांवर कातडीत बारीक सुईने थोडी थोडी लस दिली आणि कागदावर पुढच्या तारखा मांडून दिल्या: तिसरा दिवस, सातवा, अठ्ठाविसावा. घरी आई दारातच उभी होती. कुत्रे चावले की बेंबीभोवती चौदा इंजेक्शने, हेच तिने आयुष्यभर पाहिलेले. ‘‘एवढंच?’’ तिने विचारले आणि पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. रात्री जेवणे झाल्यावर तिने नेहमीसारखी शेवटची भाकरी मोडून गल्लीतल्या कुत्र्यांपुढे टाकली. आमच्या घरात पहिली भाकरी गाईची आणि शेवटची कुत्र्याची. एक कुत्रे चावले म्हणून तो रिवाज मोडत नाही.

त्याच आठवड्यात, वारणानगरला बी. फार्म. शिकणाऱ्या पुतणीने मला लॅपटॉपवर तिचे प्रॅक्टिकल दाखवले. पडद्यावर भूल दिलेला कुत्रा, चित्रातला. यादीतून ॲड्रेनालिन निवडले की रक्तदाबाची रेघ वर चढते, ॲसिटिलकोलिन निवडले की खाली येते. चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. ‘‘काका, पूर्वी हे खऱ्या कुत्र्यावर करायचे,’’ ती म्हणाली.

पुतण्याला मिळालेली लस कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून आली आणि पुतणीच्या पडद्यावरचा कुत्रा तसले प्रयोग थांबावेत म्हणून आला. या दोन टोकांमध्ये जवळजवळ दीडशे वर्षे आहेत. त्यांचा हिशेब इथे मांडायचा आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. कुत्र्यांचे आपल्यावरचे देणे खरे आहे, ते कोणी नाकारू नये. आणि ते खरे आहे म्हणूनच, दुसरी वाट तयार असताना त्यांच्याकडून घेतच राहणे हा कृतघ्नपणा आहे.

लस आणि इन्सुलिन

लुई पाश्चरने 6 जुलै 1885 रोजी पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचली. त्याआधीची काही वर्षे त्याच्या प्रयोगशाळेत कुत्री होती. त्यांच्या कवटीला छिद्र पाडून मेंदूपाशी रेबीजचा अंश सोडला जाई, म्हणजे रोग हमखास व लवकर होई. मग सशाच्या मज्जारज्जूचे तुकडे सुकवून केलेली लस देऊन कुत्री वाचतात का, ते पाहिले जाई. ती वाचली, म्हणून तो मुलगा वाचला. भारतात 1900 मध्ये कसौलीला पाश्चर संस्था सुरू झाली. तिथे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस बनवण्याची पद्धत बसवली, आणि आईच्या आठवणीतली चौदा इंजेक्शने त्याच लसीची. त्या लसीचे उत्पादन भारतात 2004 च्या अखेरीस थांबले. आज दंडात मिळते ती पेशींवर वाढवलेली लस. औषधाची वाट प्राण्याच्या मेंदूकडून पेशींकडे कशी वळते, याचे उदाहरण आमच्याच घरात घडले.

दुसरे उदाहरण मधुमेहाचे. 1889 मध्ये स्ट्रासबुर्गला मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाला. साखरेचा कारभार कोणत्या अवयवाकडे आहे, हे त्यातून कळले. 1921 च्या उन्हाळ्यात टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना दुसऱ्या कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क टोचला, तेव्हा रक्तातली साखर उतरली. जानेवारी 1922 मध्ये तोच शोध चौदा वर्षांच्या एका मुलापर्यंत पोचला. साखर कारखान्याच्या या पट्ट्यात फ्रीजच्या दारात इन्सुलिन ठेवणारी घरे थोडीथोडकी नाहीत. त्या प्रत्येक कुपीमागे ती टोरांटोची कुत्री उभी आहेत.

परळची कुत्री

कोल्हापूर भागात दुखणे हाताबाहेर गेले की पेशंटला मुंबईला न्यायचे ठरते आणि पहिले नाव निघते केईएमचे. परळचे हे रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय हे या विषयाचे महाराष्ट्रातले सर्वांत महत्त्वाचे ठिकाण आहे. डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकात हृदय-फुप्फुस यंत्र चालवायचा सराव कुत्र्यांवर केला. परदेशातून यंत्र आणता येते. ते चालवणारे हात, नळ्या जोडायचा क्रम, रक्त न गोठू देण्याची शिस्त इथेच तयार करावी लागते. ती शिस्त कुत्र्यांच्या जिवावर शिकली गेली.

1965 मध्ये डॉ. सेन, डॉ. तेहेम्तन उदवाडिया, डॉ. किनरे आणि डॉ. गुरुकुमार परुळकर यांनी एक वेगळा विचार मांडला. सापाच्या हृदयात बरेचसे रक्त कप्प्यातूनच थेट स्नायूत झिरपते. माणसाच्या हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली तर सुईने स्नायूला बारीक छिद्रे पाडून तशी सोय करता येईल का? त्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची रक्तवाहिनी बांधून हे करून पाहिले. पुढे जगभर हीच कल्पना लेझरने वापरली गेली. मात्र ती छिद्रे फार काळ उघडी राहत नाहीत, असेही नंतरच्या अभ्यासांत दिसले. म्हणजे एकाच प्रयोगातून पुढची दिशा मिळाली आणि चुकीची समजूतही. फेब्रुवारी 1968 मध्ये सेन यांच्या चमूने केईएममध्ये हृदयरोपण केले. जगातला तो सहावा प्रयत्न. पेशंट काही तासच जगला. त्याआधी त्याच इमारतींत कुत्र्यांची हृदये बदलण्याचा सराव झाला होता. भारतातली हृदयशस्त्रक्रिया आज जिथे आहे, तिथे पोचण्याच्या वाटेवर ही कुत्री आहेत.

औषध कंपन्यांचे संशोधनही मुंबईतच वाढले. मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात 1970 च्या दशकात कोलियस या देशी वनस्पतीच्या मुळांतून फोर्स्कोलिन हे द्रव्य वेगळे केले गेले. ते हृदयाचे आकुंचन जोमदार करते आणि रक्तदाब उतरवते, हे ज्या प्राण्यांवर दिसले त्यांत कुत्रेही होते. पुढे हेच द्रव्य पेशींमधले संदेश समजून घेण्यासाठी जगातल्या प्रयोगशाळांचे नेहमीचे साधन झाले.

शिकवण्यासाठी मेलेला कुत्रा

शोधासाठी वापरलेल्या कुत्र्यांबद्दल बाजू मांडता येते. शिकवण्यासाठी वापरलेल्यांबद्दल मला ती मांडवत नाही.

माझे एक मामा 1970 च्या दशकात मुंबईत डॉक्टर झाले. त्यांनी सांगितलेले प्रॅक्टिकल असे. सकाळी गाडीतून आलेले एखादे भटके कुत्रे टेबलावर चढवायचे, भूल द्यायची. श्वासनळीत एक नळी, मांडीच्या शिरेत औषध सोडायला दुसरी, मानेच्या धमनीत तिसरी. धमनीची नळी पाऱ्याच्या दाबमापकाला जोडलेली आणि त्यावर तरंगणारी काडी काजळी धरलेल्या कागदावर टेकलेली. ढोल सावकाश फिरे आणि काळ्या कागदावर पांढरी रेघ उमटे. ॲड्रेनालिन दिले की रेघ उभी चढे. मग आल्फा ग्राहक रोखणारे औषध द्यायचे आणि पुन्हा ॲड्रेनालिन. आता त्याच औषधाने रेघ खाली येई. हेन्री डेल यांनी 1906 मध्ये दाखवलेली ही उलथापालथ मुलांच्या डोक्यात कायमची बसावी, म्हणून हा सगळा खटाटोप. शेवटी कागद लाखेच्या द्रावणात बुडवून वाळवायचा आणि कुत्र्याला भुलेचा जास्तीचा डोस द्यायचा.

‘‘रेघ पाठ झाली,’’ मामा म्हणतात, ‘‘पण मला लक्षात राहिलंय ते वेगळंच. टेबलावर चढवताना त्यानं माझा हात चाटला होता.’’

दर वर्षी, दर कॉलेजात, उत्तर आधीच माहीत असलेला हा प्रयोग पुन्हा पुन्हा झाला. त्यातून नवे काही कळणार नव्हते. आज पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेत तयार झालेला एक्सफार्मसारखा प्रोग्राम तीच रेघ, तीच उलथापालथ दाखवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये प्राणिशास्त्रातले विच्छेदन थांबवले, आणि वैद्यक व औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गांतही त्याच सुमारास संगणकीय पर्याय रुळले. माझ्या पुतणीला डेलची उलथापालथ मामांइतकीच नीट समजली आहे, मी तिला समोर बसवून विचारले आहे.

बत्तीस बीगल

आज कुत्र्यांचा मोठा वापर होतो तो विषारीपणाच्या चाचण्यांत. नवे औषध माणसाला देण्याआधी ते दोन जातींच्या प्राण्यांना देऊन पाहावे, एक उंदीरवर्गीय आणि एक त्याबाहेरचा, असा जगभरचा नियम आहे आणि भारताच्या नियमांतही तो आला आहे. उंदरांखेरीजचा प्राणी म्हणजे बहुधा कुत्रा आणि कुत्रा म्हणजे बहुधा बीगल. दहा-बारा किलोचा, आखूड केसांचा, कळपात न भांडणारा आणि दुखावले तरी माणसावर न उलटणारा. त्याच्या या विश्वासू स्वभावामुळेच तो निवडला जातो, आणि मला सगळ्यात जास्त टोचते ते हेच.

नव्वद दिवसांच्या चाचणीचा आंतरराष्ट्रीय आराखडा असा: औषधाच्या तीन मात्रांचे तीन गट आणि एक औषध न देण्याचा गट. प्रत्येक गटात किमान चार नर, चार माद्या. एकूण बत्तीस कुत्री. रोज कॅप्सूल किंवा घशातून नळीने औषध, ठरलेल्या दिवशी रक्त, वजन, डोळ्यांची तपासणी. शेवटी बहुतेकांना मारून प्रत्येक अवयवाचे वजन होते आणि पातळ काप काचेवर येतात. हे सगळे शिस्तीने, नोंदी ठेवून होते. शेवट मात्र तोच.

शेतकऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की कुत्र्यावरची चाचणी औषधापुरती नाही. उसावर फवारणीच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. तो रंग ठरतो तो उंदरांवरच्या मारक मात्रेवरून. पण नव्या कीटकनाशकाच्या नोंदणीच्या कागदपत्रांत कुत्र्यांवरच्या चाचण्याही लागत आल्या आहेत. पूर्वी नव्वद दिवसांच्या जोडीला वर्षभराचीही लागे. अमेरिकेने 2007 मध्ये वर्षभराच्या चाचणीची अट काढली आणि युरोपनेही 2013 मध्ये तिची सक्ती संपवली. जुन्या शेकडो रसायनांचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा वर्षभराच्या चाचणीतून नव्वद दिवसांपेक्षा वेगळे असे फार थोडे हाती लागल्याचे दिसले. म्हणजे कित्येक वर्षे हजारो कुत्र्यांची नऊ-नऊ महिन्यांची जादा कैद फारशा उपयोगाची नव्हती.

कुत्रा किती खरे सांगतो?

याचे उत्तर दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे द्यायला हवे. 2000 साली बारा औषध कंपन्यांनी मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांत विषारी परिणाम दिसलेली 150 औषधे घेऊन, तो परिणाम प्राण्यांत आधी दिसला होता का, ते त्यांनी तपासले. उंदीरवर्गीय आणि इतर प्राणी मिळून 71 टक्के परिणाम आधी दिसले होते. कुत्री, माकडे अशा इतर प्राण्यांत 63 टक्के, उंदीरवर्गीयांत 43 टक्के. म्हणजे कुत्रा काहीच सांगत नाही, हे म्हणणे खोटे. पण जवळजवळ तिसरा हिस्सा निसटतो, हेही तितकेच खरे.

त्या निसटलेल्या हिश्श्यात माणसे आहेत. 1993 मध्ये अमेरिकेत कावीळ-बी साठी फियालुरिडीन हे औषध पंधरा जणांना दिले गेले. कुत्र्यांसह अनेक प्राण्यांवर ते आधी तपासलेले होते. पाच जण यकृत निकामी होऊन मेले आणि दोघांचे यकृत बदलावे लागले.

उलट्या बाजूचे उदाहरण आपल्याच रोगाचे, टीबीचे. आयसोनियाझिड हे टीबीचे पायाभूत औषध माणसाच्या यकृतात ॲसिटिलेशन नावाच्या क्रियेने निकामी होते. ही क्रिया करणारी जनुके कुत्र्याच्या कुळात नाहीतच. म्हणून माणसाला चालणारी मात्रा कुत्र्याला फिट आणून मारू शकते. आमच्या भागातल्या कित्येक घरांत ज्या गोळीने माणसे उठून बसली, ती फक्त कुत्र्याकडे बघून निवडली असती तर टाकून दिली गेली असती. कुत्रा आपल्याला जवळचा आहे, पण त्याचे यकृत आपले नव्हे.

1960 चा कायदा

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या विषयातून 1960 मध्ये आला. प्रयोगांना त्याने परवानगी ठेवली. पण अटी अशा घातल्या, ज्या आजही कोणाला मागे टाकता आलेल्या नाहीत. पुस्तके, प्रतिकृती किंवा चित्रपटांनी शिकवता येत असेल तर प्राणी टाळावा. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये. निव्वळ हात बसावा म्हणून, शक्यतो, प्रयोग करू नये. मामांच्या वर्गातले प्रॅक्टिकल या अटींत बसत नव्हते, तरी ते चालले. प्रयोगांविषयीच्या अटी मोडल्यास कायद्यात दंड आहे दोनशे रुपयांपर्यंत. आमच्या बाजारात तेवढ्यात एका घरची आठवड्याची भाजीही होत नाही.

कायद्याला दात आले ते 1998 च्या नियमांनी. प्रयोगशाळेची नोंदणी, नोंदणीकृत पैदासकेंद्रातूनच प्राणी घेणे, प्रत्येक संस्थेत बाहेरचा सदस्य असलेली नैतिक समिती, आणि कुत्र्यासारख्या मोठ्या प्राण्यासाठी प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीची परवानगी. त्यामुळे रस्त्यावरचे कुत्रे टेबलावर येणे बंद झाले. पुण्यातली ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही संस्था 1974 पासून प्राण्यांसाठी काम करते आहे. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी 2014 मध्ये देशात बंद झाली, त्यामागे अशाच चिकाटीची वर्षे आहेत.

पर्याय आणि सुटका

रसेल आणि बर्च या दोघांनी 1959 मध्ये तीन सूत्रे दिली: प्राण्याऐवजी दुसरे साधन, कमी प्राणी, कमी यातना. भारताच्या याच केंद्रीय समितीने त्यात चौथे जोडले, पुनर्वसन. हे चौथे सूत्र आपल्या मातीतले आहे, असे मला वाटते. दत्ताच्या चित्रात पायाशी चार कुत्री पाहतच आम्ही वाढलो. काम झाल्यावर कुत्र्याला मारायचे नाही, घर द्यायचे, हे आम्हाला समजावून सांगावे लागत नाही.

बंगळूरूत स्वयंसेवी संस्थांनी प्रयोगशाळेतून सुटलेल्या शंभरहून अधिक बीगलना 2016 च्या सुमारास घरे मिळवून दिली. अशा कुत्र्यांना नेणारी माणसे सांगतात की सुरुवातीला त्यांना पायऱ्या चढता येत नाहीत, गवतावर पाय टाकायला ती घाबरतात. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका पैदासकेंद्रातून 2022 मध्ये सुमारे चार हजार बीगल सोडवले गेले. लोकांनी त्यांच्यासाठी रांगा लावल्या.

पर्यायांची वाट आता कायद्यातही उतरली आहे. अमेरिकेने डिसेंबर 2022 मध्ये औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली. भारताने मार्च 2023 मध्ये नव्या औषधांच्या नियमांत बदल करून मानवी पेशी, चिपवरचे अवयव आणि संगणकीय पद्धतींना जागा दिली. चिपवरचे यकृत म्हणजे बोटाएवढ्या पट्टीतल्या केसाइतक्या बारीक नळ्या, त्यांत माणसाच्या जिवंत यकृतपेशी आणि वाहते पोषक द्रव. आयसोनियाझिड इथे माणसाच्याच पेशीत निकामी होते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अशा नमुन्यांवर काम चालू आहे. हृदयाच्या ठोक्यावरचा परिणाम मूलपेशींपासून वाढवलेल्या हृदयपेशींवर पाहता येतो. 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने काही जैविक औषधांपासून प्राण्यांवरच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आराखडा जाहीर केला.

सगळे पर्याय आजच पुरे पडतात, असे मी म्हणत नाही. संपूर्ण शरीरात औषध महिनोन् महिने काय करते, हे एक चिप सांगू शकत नाही. कुत्र्यांच्याच रोगांवरचे संशोधन, पार्व्होची लस, श्वानांचा कर्करोग, हेही कुत्र्याविना होणार नाही, आणि त्याचा लाभ कुत्र्यालाच आहे. शेजारच्या गोव्याने कुत्र्यांचे मोठ्या प्रमाणावर लसीकरण करून रेबीज आटोक्यात आणला आणि 2021 मध्ये तो रेबीज-नियंत्रित प्रदेश म्हणून जाहीर झाला. माणूस वाचवायचा तर आधी कुत्रे वाचवावे लागते, हा धडा पाश्चरच्या प्रयोगशाळेपासून एक वर्तुळ पुरे करतो.

वही उघडी असावी

मग मागायचे काय? पहिले, प्रत्येक अर्जात कुत्राच का, दुसरी पद्धत का नाही, याचे उत्तर लेखी असावे आणि ‘नियमात दोन जाती आहेत म्हणून’ हे उत्तर पुरेसे मानू नये. दुसरे, कुत्रा विकत घेतानाच त्याच्या पुढच्या घराचा खर्च बाजूला ठेवलेला असावा. तिसरे, दोनशे रुपयांचा दंड बदलावा. आणि चौथे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: ब्रिटन आणि अमेरिका दर वर्षी किती कुत्री, कशासाठी, किती यातना देऊन वापरली याचे आकडे छापतात. आपल्याकडेही ते पुतणीच्या कॉलेजातल्या कोणाही मुलीला, आमच्या गावातल्या कोणाही शेतकऱ्याला सहज वाचता यावेत.

प्रयोगशाळेतल्या बीगलच्या कानाच्या आतल्या बाजूला गोंदलेला नंबर असतो. सुटून घरी आला तरी तो पुसत नाही. कुशीत घेऊन कान उलटला की दिसतो. तो गोंदला आहे हिशेबासाठीच. त्याच्या शरीरातून घेतलेल्या रक्ताचा प्रत्येक थेंब त्या नंबरासमोर लिहिलेला आहे. पुतण्याच्या दंडातली लस, इन्सुलिनच्या कुप्या, केईएममधून बरी होऊन आलेली माणसे, हे सगळे त्याच वहीच्या आमच्या बाजूच्या पानावर आहे. समोरचे पान अजून आम्हाला दाखवलेले नाही. ज्याचे आपण देणे लागतो, त्याच्या नावापुढे काय लिहिले आहे, ते वाचण्याचा हक्क देणेकऱ्याला असतो.